हेलिकोप्रियॉनचा जबडा : दात झाले, आता कूर्चा

हेलिकोप्रियॉन हा फार पूर्वी नामशेष झालेला, शार्कसारखा मासा. त्याचे दात करवतीच्या चक्रासारखे गुंडाळलेले असत. त्याच्या जबड्याचं मॉडेल बनवतोय, त्यातलं दातांचं चक्र एकदाचं पूर्ण झालं. व्यास 23 सेंमी, दात 117. अमेरिकेतल्या आयडाहोच्या प्रसिद्ध जीवाश्म नमुन्यात आहेत तितकेच, आणि मापही तेच, म्हणजे मॉडेल मूळ आकाराचं होणार.

सर्पिलाचा आराखडा स्प्रेडशीटमध्ये काढला. हा लॉगॅरिदमिक सर्पिल आहे, त्यामुळे प्रत्येक दातामागे कोन ठरावीक अंशांनी वाढवायचा आणि त्रिज्येला ठरावीक आकड्याने गुणत जायचं. प्रिंट फोमबोर्डवर चिकटवून त्यावर एपॉक्सी पुटीची एकसलग पट्टी फिरवली. पट्टी सलगच हवी, कारण या प्राण्याच्या सगळ्या दातांची मुळं एकमेकांत मिसळून एकच झालेली असतात. शार्कचे जुने दात गळून पडतात. याचा एकही दात गळत नव्हता. नवा, सर्वांत मोठा दात जबड्याच्या मागच्या टोकाला तयार व्हायचा आणि जुन्यांना पुढे ढकलायचा. ते पुढून खाली वळून आत गुंडाळले जायचे. म्हणून चक्राच्या मध्यभागी जे बारीक दात दिसतात ते त्याच प्राण्याच्या पिल्लूपणातले. मॉडेलमध्ये तेवढे चिमट्याने बसवावे लागले.

दात पॉलिमर क्लेचे. मुकुट दोन्ही बाजूंनी चपटा आणि त्रिकोणी, पण खाली आला की निमुळता होत पुढच्या बाजूला झुकतो. हा झुकाव आला नाही तर नुसते त्रिकोण ओळीने चिकटवल्यासारखे दिसतात. कडांवरचे दंतुर कंगोरे क्ले भाजून झाल्यावर बारीक सुई-कानशीने काढले. कच्च्या क्लेवर ते बोथट येतात. शिवाय आयडाहोचा नमुना हेलिकोप्रियॉनच्या डेव्हिसाय जातीचा, म्हणून बाहेरच्या वेढ्यातले दात उंच आणि सुटे ठेवलेत. बेसोनोवी या दुसऱ्या जातीचे आखूड आणि दाटीचे असतात. आतल्या वेढ्यांना हा नियम लावायची गरज नाही, लहान वयातले दात सगळ्या जातींत सारखेच दिसतात.

आता खरा प्रश्न. रशियन भूवैज्ञानिक कार्पिन्स्कीने 1899 मध्ये उरल पर्वतातल्या जीवाश्मावरून या प्राण्याला नाव दिलं तेव्हा त्याच्या हातात फक्त चक्र होतं, कारण सांगाडा कूर्चेचा (हाडापेक्षा मऊ, आपल्या कानाच्या पाळीत असते तशी) आणि कूर्चा सहसा टिकत नाही. त्याने चक्र वरच्या जबड्याच्या टोकाला लावलं. पुढे लोकांनी ते पाठीच्या पंखावर लावलं, शेपटीवरही लावलं. आयडाहोच्या फॉस्फेट खाणीतला नमुना 1950 मध्ये सापडला आणि जीवाश्मतज्ज्ञ बेंडिक्स-आल्मग्रेनने 1966 मध्ये त्याचं वर्णन केलं, पण जबड्याच्या कूर्चा खडकात नेमक्या कशा बसल्या आहेत ते 2013 मध्ये लीफ टापानिलाच्या गटाने सीटी स्कॅनमधून दाखवलं. चक्राने जवळजवळ संपूर्ण खालचा जबडा व्यापलेला आणि वर एकही दात नाही! वरच्या जबड्याच्या रचनेवरून नातं कायमेरा, म्हणजे रॅटफिश या शार्कहून वेगळ्या गटातल्या माशांशी जुळतं. त्यामुळे 'शार्क' हे नाव आपण सवयीनेच वापरतो.

स्कॅन नीट पाहिले तर चक्राच्या दोन्ही अंगांना आधार देणारी कूर्चा आहे, आणि जुने वेढे तिच्या आड गेलेले आहेत. जिवंत प्राण्यात उघडे असतील ते फक्त वरच्या कमानीतले थोडे दात. पण अजूनही चित्रांत सर्रास अख्खी करवत ओठाबाहेर लोंबताना दिसते. मला ते पटत नाही. माझ्या मॉडेलमध्ये डावी बाजू पूर्ण झाकलेली असेल आणि उजवी उघडी, म्हणजे एका बाजूने प्राणी आणि दुसऱ्या बाजूने शरीररचना. इतके दात घासून अर्ध्या बाजूने झाकायचे म्हणजे जिवावर येतंच, पण दुसरा इलाज नाही.

बिजागरीची जागा ठरवायला पुठ्ठ्याचा जबडा कापून टाचणीवर फिरवला आणि दातांच्या टोकांशी पेन्सिल धरून रेषा उमटवल्या. पुढच्या दातांची रेषा बहुतेक सरळ वर जाते. मागचे दात बिजागरीच्या जवळ आणि तिच्यापेक्षा उंच, म्हणून जबडा मिटताना ते ठळकपणे मागे सरकतात. रॅम्झी आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये हेच मांडलं होतं: पुढचे दात भक्ष्य अडकवतात, मधले भोसकतात, मागचे कापत घशाकडे ढकलतात. दातांवर झीज फार दिसत नाही, त्यामुळे भक्ष्य माखळीच्या जातकुळीतलं, मऊ अंगाचं असावं हा तर्क मला योग्य वाटतो. बिजागरी थोडी खाली घेतली की मागे सरकणं लगेच वाढतं. मी ती स्कॅनमध्ये दिसते तिथेच ठेवतोय.

पुढचं काम वरच्या जबड्याचं. कवटी मात्र या नमुन्यात नाही, म्हणून तिचा आकार ऑर्निथोप्रियॉन या जवळच्या नातलगावरून घ्यायचा विचार आहे. तो भाग वेगळ्या रंगात ठेवेन, म्हणजे अंदाज कुठे सुरू होतो ते बघणाऱ्याला कळेल. झाकलेल्या बाजूच्या त्वचेसाठी सिलिकॉन की लॅटेक्स, हे अजून ठरत नाही. जबडा उघडमीट करताना कोपऱ्यात सुरकुती न पडणारं काही कुणी वापरलं असेल तर जाडीसकट सांगा.