घरच्या जलतरण तलावाचा पंप आणि तपासणी अहवालातील एक रकाना

जलतरण तलावाचा पंप नीट बसवलेला असेल तर आठ-दहा वर्षे चालायला हरकत नसते. आमचा पंप वॉरंटीच्या मुदतीतच बंद पडला. अर्ज, बिलाची प्रत, अनुक्रमांकाचे छायाचित्र हे सारे विनासायास पार पडले. अडले ते तपासणी अहवालातील ‘बिघाडाचे कारण’ या एकाच रकान्यापाशी. सर्व्हिस सेंटरच्या तंत्रज्ञाने पंप न उघडताच तिथे ‘ड्राय रन’ असे लिहून टाकले होते. पंप पाण्याविना चालवला गेला, म्हणून दोष वापरणाऱ्याचा, म्हणून वॉरंटी लागू नाही, असा त्या दोन शब्दांचा अर्थ होता. तो प्रकार आठवला की मला आजही संताप येतो.

पंप कसा बंद पडला ते आधी सांगतो, कारण पुढचा सगळा वाद त्यावरच आहे. सुरुवातीला पंप आणि मोटार यांच्या जोडाखाली थोडे पाणी ठिबकू लागले. काही काळाने मोटारीतून कर्कश आवाज येऊ लागला आणि शेवटी मोटार सुरू करताच वीज खंडित होऊ लागली. पंपाच्या दांड्यावर एक मेकॅनिकल सील असते. त्यात कार्बनची एक चकती आणि सिरॅमिकची दुसरी स्प्रिंगच्या दाबाने एकमेकींवर घासत फिरतात आणि त्यांच्यामधला पाण्याचा अतिशय पातळ थर त्यांना थंड ठेवतो. हे सील गळू लागले की पाणी दांड्यावरून मोटारीच्या पुढच्या बेअरिंगपर्यंत पोहोचते, त्यातले ग्रीस धुऊन निघते, बेअरिंगला गंज चढतो आणि अखेरीस ओल वाइंडिंगपर्यंत, म्हणजे मोटारीतल्या तांब्याच्या तारांच्या गुंडाळीपर्यंत, जाते. आपल्याला दिसते ती जळालेली मोटार, पण बिघाड सुरू होतो तो सीलपासून. म्हणूनच खाली पाणी ठिबकताना दिसले की त्याच आठवड्यात सील बदलून घ्यावे. आवाज येऊ लागेपर्यंत थांबलात, तर बेअरिंगही हातचे गेलेले असते.

अहवालावर मी सही केली नाही, आणि हेच सर्वांत महत्त्वाचे ठरले. पंप खरोखर पाण्याविना चालला तर आतले उरलेसुरले पाणी उकळू लागते, त्या उष्णतेने प्लास्टिकचे भाग मऊ होऊन वाकडे होतात, पंपाच्या तोंडाशी बसवलेल्या पीव्हीसी फिटिंगचे आटे आक्रसून गळू लागतात आणि सिरॅमिकच्या चकतीला उष्णतेने तडे जातात. या खुणा कुणाला पुसता येत नाहीत. आमच्या पंपाच्या तोंडाशी असलेली फिटिंग पूर्ण गोल होती आणि तिचे आटे नव्यासारखे धारदार होते. मी त्यांची जवळून छायाचित्रे काढली आणि ‘ड्राय रनची नेमकी कोणती खूण आपणास आढळली?’ एवढा एकच प्रश्न कंपनीला लेखी विचारला.

त्या प्रश्नाचे उत्तर कित्येक आठवडे आले नाही. फोन केला की दर वेळी नवी व्यक्ती बोलत असे, तिला सारी हकिगत पहिल्यापासून सांगावी लागे आणि शेवटी ‘अहवाल नोंदवला गेला आहे, आता त्यात बदल होत नाही’ हेच वाक्य ऐकावे लागे. पंप उघडून पाहिलेलाच नसताना त्याच्या आतल्या बिघाडाचे कारण नोंदवले कसे जाऊ शकते, हा माझा साधा मुद्दा होता आणि त्याची दखल घेण्याचा अधिकार फोनवरच्या कुणालाही नव्हता. दरम्यान तलावातले पाणी स्थिर राहून हिरवे पडत चालले होते. ‘अहवाल मान्य करा, नवी मोटार सवलतीत देतो’ असा प्रस्तावही मधल्या काळात आला. तो मी नाकारला, याचे मला आजही समाधान वाटते. कारण बिघडलेल्या सीलवर नवी मोटार बसवली असती तर तीही त्याच वाटेने गेली असती.

अखेरीस एक वरिष्ठ अभियंता आले आणि त्यांनी माझ्यासमोर पंप उघडला. प्लास्टिकचा एकही भाग वाकलेला नव्हता आणि सिरॅमिकला तडा नव्हता. सीलचा रबरी भाग मात्र कडक होऊन बोटाने चुरत होता आणि स्प्रिंग झिजून बारीक झाली होती. अभियंत्यांनी लगेच विचारले, “क्लोरिनेटर कुठे बसवला आहे?” क्लोरिनेटर म्हणजे क्लोरीनच्या गोळ्या विरघळवून पाण्यात सोडणारे उपकरण. कंत्राटदाराने तो पंपाच्या लगेच पुढे, फिल्टरच्या आधी आणि पंपापेक्षा उंचावर बसवला होता; मध्ये पाणी उलटे येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नव्हता. रात्री टायमरने पंप बंद झाला की गोळ्या विरघळलेले तीव्र पाणी हळूहळू पंपात उतरत असे आणि सकाळपर्यंत सीलला लागून साचून राहत असे. तलावाच्या पाण्याचा पीएच ७.२ ते ७.८ असावा लागतो (आकडा जितका कमी, तितके पाणी आम्लधर्मी); ट्रायक्लोरच्या, म्हणजे क्लोरिनेटरमधल्या या गोळ्यांच्या, द्रावणाचा पीएच ३ च्या आसपास असतो. तलावाचे पाणी आम्ही नियमित तपासत होतो आणि ते नेहमी योग्यच येत होते, कारण आम्ल साचत होते ते फक्त पंपाच्या पोटात. याच कारणाने स्किमरच्या, म्हणजे तलावाच्या काठाशी पाणी पंपाकडे ओढून घेणाऱ्या तोंडाच्या, जाळीतही या गोळ्या कधी ठेवू नयेत.

अहवालातला ‘ड्राय रन’ खोडला गेला आणि ‘तीव्र रसायनामुळे सील खराब’ असे लिहिले गेले. वॉरंटीत हेही बसत नव्हते, तरी त्या ओळीमुळे जबाबदारी कंत्राटदारावर आली. पंप त्याने स्वखर्चाने बदलून दिला, क्लोरिनेटर फिल्टरच्या पुढे सर्वांत शेवटी नेला आणि त्याच्या आधी व्हॉल्व्ह बसवला.

त्याच भेटीत अभियंत्यांनी आणखी एक दोष दाखवला. पाणी ओढणाऱ्या पाइपला पंपाच्या अगदी तोंडाशी एल्बो, म्हणजे कोनात वळवणारा जोड, होता. तिथे पाइपच्या व्यासाच्या किमान पाचपट लांबीचा सरळ तुकडा हवा, नाहीतर घुसळत आलेल्या पाण्याचा भार इम्पेलर (पाणी ढकलणारे पात्यांचे चाक), सील आणि बेअरिंग या तिघांवर पडतो. पाइप बारीक आणि पंप गरजेपेक्षा मोठा असेल तर आत खडी फिरत असल्यासारखा आवाज येतो. तो ऐकू आल्यास पंप तसाच चालू ठेवू नये. पंपाच्या तोंडाशी कचरा अडवणाऱ्या स्ट्रेनरच्या पारदर्शक झाकणाखाली सतत बुडबुडे दिसत असतील तर हवा बहुधा झाकणाच्या ओ-रिंगमधून, म्हणजे रबरी कड्यातून, शिरते. तिला सिलिकॉनचे ग्रीस लावावे. पेट्रोलियम जेलीने रबर फुगते. आम्लाचे डबे मोटारीजवळ ठेवू नयेत, कारण त्यांच्या वाफेनेही तांबे आणि जोडण्या गंजतात.

आणि मोटार नुसतीच गुणगुणत असेल, फिरत नसेल, तर ती जळाल्याचे कुणी सांगितले तरी आधी मोटारीला सुरू होताना जोर देणारा कपॅसिटर तपासून घ्यावा. हे काम विद्युत तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे, कारण वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये भार शिल्लक राहू शकतो.