फॅट, डिग्री आणि थोरले मामा

आजोळी गेलो असताना एका दुपारी सात-बाराचा जुना उतारा शोधण्यासाठी मामेभावाने लोखंडी ट्रंक माझ्यापुढे उपडी केली आणि उताऱ्याऐवजी हाती आली ती थोरल्या मामांची दुधाची पुस्तके. लांबट, पुठ्ठ्याची, कडांना शेणाच्या बोटांचे डाग असलेली. आत डावीकडे तारीख, मग सकाळ आणि संध्याकाळ असे दोन भाग, आणि प्रत्येकात लिटर, फॅट, डिग्री (म्हणजे लॅक्टोमीटरवर दिसणारा दुधाच्या घनतेचा आकडा), दर, रुपये असे रकाने. उतारा सापडला नाही. खरे तर त्यानंतर तो कोणी शोधलाच नाही.

मामांनी आयुष्यात रोजनिशी लिहिली नाही. पत्र लिहायचे तर ते मामीला सांगत, मामी मुलीला सांगे आणि मुलगी 'वि. वि.' घालून पोस्टकार्ड संपवून टाकी. पण भोगावतीकाठच्या त्या गावात गोठ्यात चार-पाच म्हशी बाळगून त्यांनी जो संसार केला, त्याची नोंद दिवसातून दोनदा डेअरीचा सेक्रेटरी करत होता, आणि ती किती तपशिलाची होती हे पाने उलटू लागल्यावर ध्यानात आले.

आजोबांच्या काळात दुधाला असे पुस्तक नव्हते. कोल्हापूरला गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हैस उभी करून गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून देण्याची रीत आहे, पण ती शहराजवळच्यांना परवडणारी. लांबच्या गावांनी दूध विरजायचे, लोणी कढवायचे, तूप विकायचे आणि ताक आपण प्यायचे. 1963 साली कोल्हापूर जिल्ह्याचा दूध संघ उभा राहिला, ज्याला पुढे सारे 'गोकुळ' म्हणू लागले, आणि हळूहळू गावोगावी संस्था निघाल्या. दर दहा दिवसांनी बिल मिळू लागले. वर्षातून एकदा ऊस तुटल्यावर पैसा पाहणाऱ्या घरात दर दहाव्या दिवशी नोटा येणे म्हणजे काय, हे मामांच्या पिढीलाच ठाऊक. शाळेची फी, डॉक्टर, किराणा हे सारे म्हशींकडे आणि कारखान्याचे बिल कर्ज फेडायला, अशी त्या घराची सरळ वाटणी होती.

पुस्तक वाचायची एक खुबी आहे. आठ लिटरवरून दूध हळूहळू दोनावर येते आणि त्याच वेळी फॅट सातावरून आठाच्या पुढे चढते, तेव्हा म्हैस आटत आली असे समजावे. मग काही दिवस दुसरीच्या जिवावर रेटलेले तुटपुंजे आकडे. एके दिवशी अचानक लिटर वाढतात आणि फॅट खाली येते. म्हणजे ती व्यालेली आहे, चिकाचे दिवस संपलेले आहेत आणि गल्लीभर खरवस पोहोचलेला आहे. तिथून दहा महिने दहा दिवस मागे मोजले की म्हैस कधी भरली तेही कळते. पावसाळ्यात कोवळ्या हिरव्या वैरणीने फॅट उतरते, त्याबद्दल मामा पावसाला नव्हे तर मामीला बोलत, कारण वैरण तिने आणलेली असे.

फॅटवरून त्या घरात जितके बोलणे होई तितके मुलांच्या मार्कांवरून कधी झाले नाही. तेव्हा डेअरीत काचेच्या नळ्या असत. नळीत 10 मिलिलिटर ॲसिड, त्यावर 10.75 मिलिलिटर दूध, वर थोडे अल्कोहोल, मग रबरी बूच आणि यंत्रात गरगर. टेस्टर नळी बाहेर काढून उजेडाकडे धरी, तेव्हा खाली करपट तपकिरी द्रव आणि वर पिवळसर तुपाचा तो इवलासा दांडा दिसे. त्याच्या शर्टाला ॲसिडच्या शिंतोड्यांनी भोके पडलेली असत आणि तो एका डोळ्याने आकडा वाची, तोवर रांगेतली माणसे श्वास धरून उभी. मामा चौथीनंतर शाळेत गेले नव्हते, पण 'सहा पॉइंट आठ' ऐकताच साडेसात लिटरचे किती होतात हे सेक्रेटरीने पेन टेकवण्याआधी त्यांच्या तोंडात असे. मला दशांश अपूर्णांक तिथेच कळले. शाळेत कळले असे मी गुरुजींना समजू दिले.

त्यांचे एक तत्त्व होते. शेवटच्या धारांत खरी फॅट असते, म्हणून कास पुरती रिकामी झाल्याशिवाय उठायचे नाही. पान्हा एकदा उतरला की तो थोडाच वेळ टिकतो, तेवढ्यात सगळे काढून घ्यायचे. मग घरात कोणी पडो, रडो, पाहुणा दारात येवो, मामा मान वर करत नसत. अंगठा आत मुडपून ते धार काढत. डॉक्टर सांगत, याने सडाला इजा होते, मुठीने काढा. पण चाळीस वर्षांची सवय डॉक्टरांचे ऐकणारी नव्हती. अंगठ्याच्या पेरावर सुपारीएवढा घट्टा आला होता आणि बोटावरच्या रेषा इतक्या झिजल्या होत्या की जमिनीच्या एका दस्ताला अंगठा देताना तिथल्या कारकुनाने तीन कागद वाया घालवले. मामांना सही येत होती, त्यामुळे ते उगाच ओशाळले.

खात्यावर नाव मामांचे होते, याची मला आता थोडी चीड येते. शेण काढणे, वैरण कापून आणणे, सरकी भिजवून आंबोण करणे, रेडकाला वेळेवर सोडणे, दुपारी म्हशी नदीवर नेणे, यातले बहुतेक मामी करत असे. मामांचा मान धारेचा आणि डेअरीला किटली नेण्याचा. पुस्तकात मामी कुठे दिसते? कपातीच्या रकान्यात. 'पशुखाद्य' अशी नोंद दर बिलाला आहे, ती पोती तिने डोक्यावरून आणलेली. आणि 'उचल' या रकान्यात सारे कुटुंब बसलेले आहे. जूनमधली उचल वह्यापुस्तकांची. 1996 च्या वैशाखातली मोठी उचल थोरलीच्या लग्नाची. ती पुढे दीड वर्ष प्रत्येक बिलातून थोडी थोडी फिटताना दिसते. 2005 च्या जुलैअखेरीस सलग काही ओळी कोऱ्या आहेत आणि त्यांवर आडवे लिहिले आहे, 'पूर'. त्या पुरात बाकीच्यांना आमच्या घरी पाठवून मामा माळावर गुरांपाशी राहिले आणि काढलेले दूध ज्याला हवे त्याला देत होते, हे पुस्तकात नाही.

लहानपणी मला मामांचा राग यायचा. ते कधीच राहत नसत. आमच्या वास्तुशांतीला आले, आहेर केला, पंगतीत बसले आणि चारच्या सुमारास टोपी सारखी करून उभे राहिले. आई म्हणायची, "आण्णा, आजच्या दिवस ऱ्हावा की." ते म्हणायचे, "धारंची येळ झाली." बहीण, भाचरे, गोडाचे जेवण यांपेक्षा म्हैस मोठी, असाच त्याचा अर्थ आम्ही लावला होता. थोरलीच्या लग्नाला गुरुजींनी गोरज मुहूर्त काढला, तेव्हा तो नाकारणारा मुलीचा बाप त्या पंचक्रोशीत पहिलाच असावा. गुरे घरी परतायच्या वेळी ज्याच्या दारात गुरे आहेत त्याने अक्षता कशा टाकायच्या, हा त्यांचा सवाल बिनतोड होता. दुपारच्या मुहूर्तावर लग्न लागले. त्या तारखेला पुस्तकात दोन्ही वेळा 'घरी' असे लिहिले आहे, कारण दूध वऱ्हाडाच्या चहाला आणि बासुंदीला गेले.

घराबाहेर ते मुक्कामाला राहिले ते एकदाच. गावातल्या चौघांबरोबर मुऱ्हा म्हशी आणायला ते हरियाणात रोहतकला गेले आणि ट्रकमध्ये म्हशींबरोबरच परत आले; वाटेत थांबून, उतरवून, दोन वेळा धारा काढत. दिल्लीवरून गेले होते म्हणून आम्ही पोरांनी घेराव घातला. लाल किल्ला नाही, कुतुबमिनार नाही. "दिल्लीत काय बघितलासा?" यावर बराच विचार करून म्हणाले, "दूध लई महाग हाय तिथं." त्या मुऱ्ह्याने दूध भरपूर दिले, पण मामांचा जीव लांबलचक शिंगांच्या जुन्या पंढरपुरी चंद्रीवरच राहिला. थोडे खाते आणि घट्ट देते, असे ते तिच्याबद्दल म्हणत, आणि मला वाटते याहून मोठी स्तुती त्यांनी कोणाची केली नसावी.

माझ्याकडे ना गोठा ना म्हैस. पण कोणत्याही समारंभात चार वाजले की मला चुळबुळ सुरू होते. यजमानांना वाटते, याला कंटाळा आला. बायकोने आता कारण सांगणे सोडून दिले आहे.

2008 च्या पौषात मामा गेले. सकाळचे दूध डेअरीला घालून आले, किटली पालथी घातली आणि ओट्यावर बसले ते उठलेच नाहीत. लांबची माणसे जमेपर्यंत दिवस कलला. मग भावकीतल्या एका म्हाताऱ्याने चार लोकांत सांगितले, "धारा आटपून घ्या, मग निघू." कोणालाच त्यात वावगे वाटले नाही. मामेभाऊ रडत रडत गोठ्यात गेला.

त्या तारखेची ओळ मी काढून पाहिली. सकाळ, साडेसात लिटर, फॅट 7.1. संध्याकाळ, तीन लिटर, फॅट 5.2. म्हशीला दुःख झाले वगैरे मी म्हणणार नाही. हात बदलला की जनावर पान्हा चोरते, वरवरचे पातळ दूध तेवढे येते आणि फॅट असलेले कासेत राहते. पण सेक्रेटरीने त्या दिवशीही टेस्ट घेतली, आकडा लिहिला आणि दर लावून पैसे मांडले, हे मला फार योग्य वाटले. मामांनाही वाटले असते.

दोन वर्षांनी मामेभावाला कारखान्यात पाळीची नोकरी लागली आणि म्हशी विकल्या. गोठ्याच्या जागी आता फरशी आहे, मोटरसायकल असते. मामी पिशवीतल्या दुधाचा चहा करते. मी भीत भीत विचारले, कसे वाटते हे दूध? तिने पिशवीचा कोपरा कापून पातेल्यात ओतता ओतता सांगितले, "चहाला चालतंय की."