घरी केलाय वाटतं?

१ जून, सकाळ

"घरी केलाय वाटतं?" काल कुंदाताईंच्या निरोपसमारंभात, मी बांधलेल्या बुकेबद्दल, नमाताई एवढंच म्हणाल्या. हसून म्हणाल्या, पाठीवर हातही ठेवला. लागावं असं त्यात काही नव्हतं, म्हणूनच बहुतेक जास्त लागलं. रात्री दिवा घालवला तेव्हा डोक्यात तेच, आत्ता चहा गाळतानाही तेच.

घरचं लोणचं म्हटलं की भाव वाढतो. घरची भाजणी, घरचं तूप, घरचे बेसनाचे लाडू, सगळ्यांचा वाढतो. एकट्या बुकेचा घरचा म्हटल्यावर उतरतो. आणि तो "वाटतं"! दुकानातून आणलेल्या बुकेला कुणी "दुकानातून आणलाय वाटतं" म्हणत नाही.

बरं, बाई खोटं बोलल्या असंही नाही. साहेबांचं भाषण सुरू असताना दोन जरबेऱ्यांनी मान टाकली. कुंदाताईंच्या मांडीवर शाल, शालीवर नारळ, नारळाशेजारी माझा बुके आणि त्यातून दोन केशरी फुलं जमिनीकडे बघतायत. कार्नेशन तर त्याआधीच मिटली होती.

आधी कार्नेशनचं, कारण ते मला सकाळीच कळायला हवं होतं. पाकळ्या वाळल्या नव्हत्या, तपकिरीही झाल्या नव्हत्या, नुसत्या आत वळल्या होत्या. फूल झोपी गेल्यासारखं दिसत होतं. हे पाण्याअभावी होत नाही, इथिलीनने होतं. पिकणाऱ्या फळातून हा वायू सुटतो आणि कार्नेशनला तो जराही सोसत नाही. परवा रात्री बादली कुठे ठेवली होती? मागच्या खोलीत, कारण तिथे गारवा असतो. आणि मागच्या खोलीत कॉटखाली काय आहे? आंब्यांची आढी. गवतात तीन डझन हापूस आणि दाराला फट नाही. एकवेळ निशिगंधाला चाललं असतं, कार्नेशन रात्रभर तिथे ठेवणं म्हणजे त्याला ठरवून म्हातारं करणं. फ्रिजमध्ये केळी-सफरचंदांशेजारी फुलं ठेवली तरी हेच होतं. एकदा मिटलेलं कार्नेशन परत उघडत नाही, कितीही पाणी पाजा.

जरबेऱ्याचं दुखणं वेगळं. त्याचा दांडा पोकळ, मऊ आणि लव असलेला. खोल पाण्यात बुडवला की त्या लवेवर बुळबुळीत थर धरतो, दांडा कुजतो, पाणी चढायचं बंद होतं आणि मान जाते. त्याला चार बोटं पाणी पुरे. शिवाय दांड्याचं अगदी खालचं टोक टणक आणि बंद असतं, तिथून पाणी नीट चढत नाही, म्हणून तीनेक सेंटिमीटर कापून टाकायचं. हे सगळं केलं होतं. नडलं ते पुढचं. जरबेरा पाणी पिताना सरळ उभा हवा. कलता ठेवला की तसाच वाकडा ताठतो, आणि हातात धरून सरळ करायला गेलं की मानेजवळ चिरतो. यावर उपाय साधा आहे. बुटांच्या खोक्याच्या झाकणाला पेन्सिलीने भोकं पाडायची, झाकण बादलीवर ठेवायचं, दांडे भोकांतून खाली सोडायचे, फुलं झाकणावर टेकतात आणि दांडे सरळ लोंबतात. गड्डीत दहा असतात, दहा भोकं. परवा खोकं शोधायचा कंटाळा केला. दुकानातला जरबेरा ताठ दिसतो कारण त्याच्या मानेभोवती तार गुंडाळलेली असते, नाहीतर दांड्यावर नळी चढवलेली असते. हे नमाताईंना कुठे माहीत! (मी सांगणारही नाही.)

गुलाब मात्र चांगले निघाले, हे लिहून ठेवते. मे महिना असूनही. उन्हाळ्यात कळ्या लहान येतात आणि भराभर उमलतात, म्हणून मार्केट यार्डात घट्ट कळीच बघून घ्यायची. बोटांनी कळीचा खालचा भाग हलकेच दाबायचा. टणक लागली तर ताजी, पिचकी लागली तर शिळी, वरून कितीही पाणी मारलेलं असो. वीसच्या गड्डीतले चार-पाच बाजूला काढावेच लागतात. बाहेरच्या दोन पाकळ्या करपल्यासारख्या दिसतात, त्यांना घाबरायचं नाही, त्या आतल्या फुलाला जपणाऱ्या असतात. बुके बांधायच्या आधी बुडाशी धरून ओढून काढायच्या. काटे जाड फडक्यात दांडा धरून खाली ओढले की निघतात. सुरीने खरवडले की साल सोलवटते आणि तिथूनच कूज सुरू होते.

घरी आणल्यावर पहिली दोन गोष्टींची घाई, बाकी सगळं सावकाश. दांडे तिरके कापायचे, तेही बादलीतल्या पाण्याखाली. हवेत कापला की दांडा हवा ओढतो, बुडबुडा अडकतो आणि गुलाबाची मान वाकते. कार्नेशनची पेरं असतात, कापायचं ते दोन पेरांच्या मधे, पेरावर नाही. मग पाण्याखाली येणारं प्रत्येक पान काढायचं. एक पान राहिलं तरी उद्या पाण्याला वास. त्यानंतर निदान तीन तास, जमल्यास रात्रभर, अंधारात नुसतं पाणी पीत राहू द्यायचं. बांधायची घाई करणारे इथेच फसतात.

पाण्यात अ‍ॅस्पिरिन आणि तांब्याचं नाणं टाकणाऱ्यांशी वाद घालायचं मी सोडून दिलंय. एक लिटर पाण्याला सपाट दोन चमचे साखर, दोन चमचे लिंबाचा रस, पाव चमचा कपड्यांचं ब्लीच. साखर फुलाचं खाणं, लिंबामुळे पाणी लवकर चढतं, ब्लीच जंतू मारतं. नुसती साखर घातली तर जंतूंचीच पंगत बसते. लिंबू आधी पाण्यात ढवळून घ्यायचं, ब्लीच सगळ्यात शेवटी. दोन्ही नुसतं एकत्र कधीच करायचं नाही. पाणी एक दिवसाआड बदलायचं.

हे सगळं येतं. मग "घरी केलाय" दिसलं कुठून? बांधणीतून? रात्री उठून फोनवरचे फोटो मोठे करून पाहिले.

बांधणी चांगली आहे. मधे एक गुलाब सरळ. डाव्या हाताच्या अंगठा आणि पहिल्या बोटाच्या बेचक्यात तो धरायचा. पुढचा दांडा त्यावर तिरका, फूल डावीकडे, शेपूट उजवीकडे. त्यापुढचाही तसाच. दर दोन-तीन दांड्यांनी जुडगा हातात थोडा फिरवायचा, नेहमी एकाच बाजूला. कामिनीच्या पाल्याची काडी मधेमधे, म्हणजे फुलं एकमेकांना चिकटत नाहीत. एक जरी दांडा उलट्या दिशेने घुसला तर गाठ आवळताना नेमका तोच मोडतो. दहा गुलाब, पाच जरबेरे, पाच कार्नेशन, सहा निशिगंध, आठ-नऊ काड्या कामिनी. याहून जास्त माझ्या मुठीत मावत नाही. एकूण उंची पंचेचाळीस सेंटिमीटर धरली तर गाठ खालून पंधरावर. गाठीच्या खाली पान नाही. बांधायला केळीचं सोपट, दहा मिनिटं पाण्यात भिजवलेलं. सुतळी दांड्यात रुतते, सोपट रुतत नाही. तीन वेढे, सुरगाठ, मग बुडं एका रेषेत कापायची. परीक्षा एकच, टेबलावर हात न लावता बुके उभा राहिला पाहिजे. माझा उभा राहिला. फोटोत दिसतोय, पाण्याच्या जगशेजारी.

दुकानातला कुठे उभा राहतो? त्याला एकच बाजू. मागे पाम, पुढे जाळी, आत हिरवा स्पंज, तोही न कुजणारा. दर्शनी बाजू तेवढी भरलेली, पाठ रिकामी.

हे लिहून झाल्यावर जरा बरं वाटलं आणि लगेच लाजही वाटली. निरोपसमारंभ कुंदाताईंचा, छत्तीस वर्षांच्या नोकरीचा, आणि मी इथे स्पंजाशी भांडतेय. आता एवढ्या वेळानंतर आठवतंय, नमाताई ते म्हणाल्या तेव्हा त्यांनी बुके उचलून नाकाशी नेला होता. दुकानातल्या बुकेला वासच नसतो. निशिगंधाचा आला असणार. म्हणजे त्यांनी पाहिलं नव्हतं, हुंगलं होतं! हे खरं की मी आत्ता सोयीने जुळवतेय, सांगता येत नाही.

जरबेऱ्यांनीही साहेबांच्या भाषणाला खाली मान घातली, एवढंच. तिथे आणखी कितीजणांनी घातली होती.

आज १ जून. कुंदाताईंचा कागदावरचा वाढदिवस, निम्म्या महाराष्ट्रासारखाच, शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेला. खरा मार्गशीर्षातला. तेव्हा कार्नेशनच्या वाटेलाच जायचं नाही. शेवंती आणायची, ती पिवळीधमक आणि ती बारीक पांढरी, सोबत अ‍ॅस्टर. शेवंतीला इथिलीनचं फारसं काही वाटत नाही, फूल दोन आठवडे सहज टिकतं. पानं मात्र आधी माना टाकतात, म्हणून वरची तीन-चार ठेवून बाकी ओरपून काढायची. अ‍ॅस्टरचं पाणी लवकर गढूळ होतं, ते रोज बदलायचं. झाकणाला भोकं पाडलेलं खोकं आत्ताच माळ्यावर टाकून ठेवते, पुढेमागे जरबेरा घेतलाच तर. बादली या वेळी बाथरूममध्ये.

आणि मार्गशीर्षात घरात आंबे नसतात.