केसपेपरवरचा लाल शेरा

जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठल्याही ओपीडीत बसा. केसपेपरच्या कोपऱ्यात लाल शाईने 'पेनिसिलिन अ‍ॅलर्जी' लिहिलेलं दिसेल. कोणी लिहिलं, कधी, कशावरून, याचा पत्ता नसतो. असा शेरा असलेल्या शंभर जणांची नीट तपासणी केली तर नव्वद जणांना तरी पेनिसिलिन बिनधोक चालतं. ज्यांना खरी अ‍ॅलर्जी होती, त्यांच्यातल्याही बहुतेकांची दहा वर्षांत निवळते. शेरा मात्र जन्मभर चिकटतो आणि साध्या दुखण्याला भारी, महागडी औषधं दिली जातात.

म्हणून आधी विचारपूस. 'माले इंजेक्शन चालत नही' एवढ्यावर थांबू नये. 'काय व्हयनं व्हतं?' असं अहिराणीत विचारलं की माणूस मोकळा होतो. त्रास डोसनंतर तासाभरात झाला की चार-पाच दिवसांनी? गांधी उठल्या, ओठ सुजले, दम लागला, की नुसती मळमळ आणि जुलाब? मळमळ-जुलाब ही अ‍ॅलर्जी नव्हे. लहानपणी तापात उठलेलं पुरळ बऱ्याचदा विषाणूचंच असतं. सगळ्यात मोलाचा प्रश्न: त्यानंतर दाढेसाठी, खोकल्यासाठी अमॉक्सिसिलिन (पेनिसिलिनच्याच गटातलं औषध) घेतलं का? घेतलं आणि काही झालं नाही, तर शेरा तिथेच खोडावा.

उरलेल्यांसाठी पेन-फास्ट हे पेनिसिलिन अ‍ॅलर्जीचा धोका मोजणारं गुणांकन सोपं आहे. त्रास पाच वर्षांच्या आतला असेल तर 2 गुण, अ‍ॅनाफिलॅक्सिस (अंगभर होणारी जीवघेणी रिअ‍ॅक्शन), अँजिओएडिमा (ओठ-चेहऱ्यावरची सूज) किंवा त्वचेची गंभीर रिअ‍ॅक्शन असेल तर 2, उपचार लागले असतील तर 1. बेरीज तीनपेक्षा कमी म्हणजे धोका कमी. अशा माणसाला (कातडी सोलली गेली होती तो सोडून) दवाखान्यात अमॉक्सिसिलिन 250 मिलीग्रॅम तोंडाने देऊन तासभर समोर बसवावं. नाडी, बीपी बघत राहावं, अ‍ॅड्रिनॅलिन (जीवघेण्या रिअ‍ॅक्शनवरचं इंजेक्शन) हाताशी असावं. सेटिरिझिनसारखी अ‍ॅलर्जीवरची गोळी आठवडाभर आधी बंद हवी, नाहीतर रिअ‍ॅक्शन झाकली जाते. दमा आटोक्यात नसेल तर त्या दिवशी नको. पुढच्या काही दिवसांत पुरळ आलं तर कळवायला सांगावं.

आपल्याकडचा 'टेस्ट डोस' मात्र भरवशाचा नाही, हे स्पष्ट म्हणायला हवं. हातावर कातडीखाली थोडं औषध टोचायचं, पेनाने गोल करायचा, बघायचं. शेजारी तुलनेसाठी सलाईनची (गांध उठू नये ती) टोचणी नाही, हिस्टामिनची (गांध उठायलाच हवी ती) नाही. घट्ट औषधाने कातडी नुसती चरचरली तरी 'पॉझिटिव्ह'. काही उठलं नाही म्हणून धोका टळला असंही नाही. रीतसर चाचणीत आधी प्रिक (कातडीवर थेंब ठेवून हलकी टोच), मग कातडीत टोचणी असते. बेंझिलपेनिसिलिनचं प्रमाण 10,000 युनिट प्रति मिली असतं, त्याच्या विघटनातून होणारे घटकही तपासले जातात आणि 15-20 मिनिटांनी सलाईनपेक्षा किमान 3 मिलिमीटर मोठी गांध मोजली जाते.

संधिवाताच्या तापातल्या (रुमॅटिक फीव्हर) मुलांना दर तीन-चार आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिन द्यावं लागतं, तिथे गफलत फार होते. ते इंजेक्शन फार दुखतं. मूल पांढरं पडून कोसळतं, आणि लगेच लाल शेरा. नाडी मंद, अंग गार, पण गांधी नाहीत, घरघर नाही, आडवं करून पाय उचलले की सावरतं: ही अ‍ॅलर्जी नाही, भोवळ आहे. हे इंजेक्शन बंद पडलं तर हृदयाच्या झडपा खराब होत जातात. झडपेचा आजार आधीच गंभीर असेल तर गोळ्यांचा विचार करावा, कारण तिथे कोसळणं हृदयावर बेतू शकतं.

खरी अ‍ॅनाफिलॅक्सिस असेल तर एव्हिल-डेक्सोनाने (अ‍ॅलर्जीवरचं आणि स्टेरॉइडचं इंजेक्शन) सुरुवात करू नये. अ‍ॅड्रिनॅलिन 1:1000 मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत द्यावं: मोठ्यांना 0.5 मिली, मुलांना किलोमागे 0.01 मिली. फरक नसेल तर पाच मिनिटांनी पुन्हा. धडगाव-अक्कलकुव्याच्या घाटातून खाली येईपर्यंत वाट बघायची नाही, आधी डोस, मग अँब्युलन्स.

अ‍ॅलर्जी पक्की असली तरी सगळी सेफॅलोस्पोरिन (पेनिसिलिनच्या नात्यातली अँटिबायोटिक) बाद नाहीत. सेफाझोलिन सहसा चालतं. अमॉक्सिसिलिनचा त्रास असेल तर सेफॅड्रॉक्सिल टाळावं, दोघांच्या रेणूची बाजूची साखळी सारखी असते. गरोदरपणातल्या सिफिलिसवर पेनिसिलिनला पर्याय नाही, तिथे मोठ्या रुग्णालयात डिसेन्सिटायझेशन करून (थोडा-थोडा डोस वाढवत सवय लावून) पेनिसिलिनच द्यावं. कातडी सोलली गेली होती, तोंडात फोड होते, अशी हकीकत असेल तर चाचणीही नाही, औषधही नाही, कधीच.

शेरा खोडला की नुसती रेघ मारू नये. 'अमॉक्सिसिलिन 250 मिलीग्रॅम दिलं, त्रास नाही', तारीख, सही. आणि तेच एका चिठ्ठीवर लिहून माणसाच्या हातात द्यावं.