तुम्ही विचारलंत म्हणून: शाळेत टेक्निशियनचं काय काम?

सांगलीला गेले की कुणी ना कुणी विचारतंच. मागच्या खेपेला लग्नाच्या पंगतीत शेजारच्या काकूंनी विचारलं, "मॉन्ट्रियलला शाळेत असतेस म्हणे. बाई आहेस ना?" म्हटलं, "नाही काकू, टेक्निशियन." "शाळेत कसली गं मशिनं?" तेवढ्यात मठ्ठ्यावाले आले आणि उत्तर राहून गेलं. काकू, तुम्ही विचारलंत म्हणून, आणि हाच प्रश्न फोनवर विचारणाऱ्या सगळ्यांसाठी, आज सविस्तर सांगते.

आधी नावाचा उलगडा. मॉन्ट्रियल ज्यात येतं त्या कॅनडाच्या क्युबेक प्रांतात अकरावीनंतरच्या कॉलेजला सेजेप म्हणतात. तिथे तीन वर्षांचा व्यावसायिक डिप्लोमा केला की तुम्ही त्या विषयातले टेक्निशियन. परिचारिकेचा डिप्लोमाही त्याच वर्गात मोडतो. माझं पद फ्रेंचमध्ये 'तेक्निसिएन आं एद्यूकासिओं स्पेसियालिझे', म्हणजे विशेष शिक्षणातली तंत्रज्ञ. मी आधी फ्रेंच शिकले आणि मग मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांसाठी असतो तो छोटा अभ्यासक्रम केला. मशीन कुठेच नाही.

गणित आणि वाचन वर्गाच्या बाई शिकवतात. वाचनात अडखळणाऱ्यांसाठी वेगळ्या शिक्षिका असतात, उच्चारांसाठी वाचा-उपचारतज्ज्ञ. मग मी काय करते? दिवसभरातल्या सांध्यांच्या वेळा सांभाळते. घंटा झाली आणि वर्गातून मैदानावर जायचंय, जेवण झालं आणि परत बाकावर बसायचंय, आज नेहमीच्या बाई नाहीत आणि बदली बाई आल्या आहेत. बहुतेक मुलं या वेळा न कळत ओलांडतात. काही मुलांचा सगळा दिवस तिथेच मोडतो. धडा चालू असताना मला फार कमी वेळा बोलावणं येतं. वॉकीटॉकी वाजतो तो घंटेच्या आगेमागे.

एका मुलाचं सांगते. नाव सांगता येणार नाही, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. सात वर्षांचा, दुसरीतला, स्वमग्न (ऑटिझम असलेला). नोव्हेंबरपर्यंत बरं चाललं होतं. बर्फ पडायला लागला आणि तो रोज कुणाला तरी मारायला लागला. शेजारच्याला ढकल, बूट फेक, एकदा एका मुलीचे केस ओढले. शिक्षकांच्या खोलीत त्याच्या नावापुढे 'आक्रमक' हा शब्द लागला. हा शब्द माझ्या मनाला फार लागतो, कारण तो एकदा चिकटला की पुढे कुणी काही बघतच नाही.

मी वही काढली. पानावर तीन रकाने: आधी काय झालं, मग त्याने काय केलं, त्यानंतर मोठ्यांनी काय केलं. दोन आठवडे प्रत्येक प्रसंग वेळेसकट लिहिला. पहिल्या रकान्यात जवळजवळ प्रत्येक वेळी एकच जागा आली: वर्गाबाहेरचा अरुंद बोळ, जिथे खुंट्यांवर मुलांचे कपडे टांगलेले असतात. इथे हिवाळ्यात बाहेर पडायचं म्हणजे स्नोपँट, बूट, जाकीट, कानटोपी, हातमोजे. वीस-बावीस मुलं त्या बोळात एकदम कपडे चढवतात. नायलॉनवर नायलॉन घासल्याचा आवाज, त्यात लोकरीचा ओला वास आणि प्रत्येकाचं कोपर दुसऱ्याच्या बरगडीत. तुम्हा-आम्हाला ती नुसती गडबड वाटते. त्याला तो आवाज सहन होत नव्हता.

पण खरं उत्तर तिसऱ्या रकान्यात होतं. मारलं की मोठी माणसं काय करत होती? त्याला उचलून शांत खोलीत नेत होती. मंद दिवा, मऊ गादी, दार बंद. त्याला शांतता हवी होती, आणि ती मिळवायचा एकच खात्रीचा रस्ता आम्हीच त्याला शिकवला होता. हे मला उमगलं त्या दुपारी मी वही मिटून बराच वेळ तशीच बसून राहिले.

मग ठरवलं, त्याने मारण्याच्या आधीच त्याला शांतता द्यायची. घंटेच्या पाच मिनिटं आधी तो आणि मी बोळात. कानांवर आवाज अडवणारे हेडफोन. भिंतीवर त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर पाच चित्रं, कपड्यांच्या क्रमाने. हातमोजे सगळ्यांत शेवटी, कारण ते आधी घातले की जाकिटाची चेन लावता येत नाही आणि तिथूनच रडणं सुरू होतं. लाल चकती हळूहळू मिटत जाते असं एक घड्याळ, म्हणजे वेळ किती उरला ते डोळ्यांना दिसतं. आणि खिशात एक पिवळं कार्ड. ते दाखवलं की काहीही न विचारता शांत खोलीचं दार उघडायचं.

पहिला आठवडाभर तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मग एकदा मी हातमोजा पुढे करत म्हणाले, "अं मितेन." त्याने चित्राकडे बघतच सांगितलं, "उन. उन मितेन." फ्रेंचमध्ये हातमोजा स्त्रीलिंगी आहे, मी पुल्लिंगी केला होता. त्याचं मला उद्देशून हे पहिलं वाक्य. घरी येऊन मी ते तारखेसकट लिहून ठेवलं.

सगळं सरळ झालं असं नाही. नाताळच्या सुट्टीनंतर पुन्हा पहिल्यापासून. जानेवारीत एक दिवस बदली बाई होत्या, त्यांना पिवळ्या कार्डाचं कुणी सांगितलंच नव्हतं. त्याने ते दोनदा दाखवलं. त्यांना वाटलं, खेळतोय. मी पोचले तेव्हा बाकं आडवी पडली होती. त्या दिवशी त्याने माझ्या दंडाला चावा घेतला, स्वेटरमधून दात लागले. राग येत नाही का, असंही विचारतात. आधी भीती वाटते, त्याच्यासाठी आणि बाकीच्या मुलांसाठी. आम्हाला शिकवलेलं असतं: आधी इतर मुलांना बाहेर काढा, समोरासमोर उभं न राहता थोडं बाजूला राहा, आणि बोलणं कमी करा, कारण अशा वेळी प्रत्येक शब्द हा आणखी एक आवाज असतो. इथल्या शाळांत अशा मुलाला 'देझोर्गानिझे' म्हणतात. मराठीत मी त्याला 'विस्कटलाय' म्हणते. विस्कटलेलं पुन्हा लावता येतं, म्हणून मला हा शब्द आवडतो.

अशा मुलाला शाळेत कशी मदत करायची याची एक योजना लिहावी लागते. इथल्या शिक्षण कायद्याच्या 96.14 कलमानुसार ती मुख्याध्यापकांनी पालकांच्या मदतीने तयार करायची असते. एकदा आमच्या बैठकीत एक आई आली होती, पंजाबहून आलेली. टेबलाभोवती पाच माणसं, सगळं फ्रेंचमध्ये. स्थलांतरितांच्या मुलांनी फ्रेंच शाळेत जायचं हा इथे 1977 पासूनचा कायदा आहे, त्यामुळे मूल भाषा शिकतं आणि आई मागे राहते. कागद पुढे सरकवला तेव्हा तिने माझ्याकडे बघून हळूच हिंदीत विचारलं, "याला शाळेतून काढणार का?" अर्धा तास ती हेच मनात धरून बसली होती. मी तिला एकेक ओळ हिंदीत समजावली. सही करताना तिने विचारलं, लाल चकतीचं घड्याळ घरी आणता येईल का. त्या बैठकीतला सगळ्यांत कामाचा प्रश्न तोच होता.

आता मला खुपतं ते. माझं पद पूर्ण वेळेचं नाही. उन्हाळ्यात पगार बंद असतो. ते चालवून घेते. पण ऑगस्टमध्ये ज्येष्ठतेच्या यादीप्रमाणे जागा वाटल्या जातात, आणि ज्या माणसाने वर्षभर एका मुलाच्या खुणा ओळखायला शिकलेलं असतं, ते माणूस दुसऱ्या शाळेत जातं. जी मुलं बदलानेच विस्कटतात, त्यांच्यापुढे दर सप्टेंबरला नवा चेहरा. हे चूक आहे, आणि मी ते प्रत्येक बैठकीत बोलते.

गेल्या वर्षी माझीही जागा बदलली. फेब्रुवारीअखेर तो मुलगा रांगेच्या शेवटी उभा राहून स्वतः कपडे चढवायला लागला होता, हेडफोन लावून, कार्ड खिशात ठेवून. माझ्या जागी येणाऱ्यांसाठी मी दोन पानं लिहून फाइलमध्ये ठेवली. चित्रांचा क्रम, घड्याळाच्या बॅटऱ्या कुठे आहेत, बदली बाईंना सकाळीच काय सांगायचं. शेवटच्या ओळीखाली दोन रेघा मारल्या: "मारण्याआधी त्याचा डावा खांदा कानापर्यंत वर जातो. खांदा दिसला की कार्डाची वाट बघू नका, दार उघडा."