काजळची शिट्टी, तुरीची शिट्टी

माझी कुत्री काजळ तेव्हा दीड वर्षाची होती. पाणथळ जागेतल्या लव्हाळ्यात टाकलेली डमी, म्हणजे शोधून आणण्याच्या सरावासाठीची नकली शिकार, शोधताना ती डावीकडे फारच लांब निघाली. सत्तर-ऐंशी पावलांवर तिला थांबवावं म्हणून मी शिट्टी फुंकली, तर घसा बसल्यासारखा फुर्रर्र आवाज आला. ती क्षणभर थबकली, वळून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा चालू लागली. दुसऱ्यांदा फुंकली तर नुसती हवा गेली.

ती शिट्टी दाण्याची होती, आत कॉर्कची गोळी फिरणारी, खेळाच्या मैदानावर पंच वापरतात तशी. सकाळपासून भुरभुर चालू होती. गोळी भिजून फुगली आणि जागच्या जागी अडकली. काजळ परत आल्यावर मी तिला रागावले. तिचा काय दोष होता? जो आवाज तिला मी कधी शिकवलाच नव्हता, तो तिने मानला नाही, एवढंच. ते रागावणं मला अजून बोचतं, आणि शिट्टीबद्दल कुणी विचारलं की मी हीच गोष्ट आधी सांगते.

कुत्रा शिट्टीचा आवाज जसाच्या तसा शिकतो. पट्टी, लांबी, सुरुवातीचा झटका, सगळं. म्हणून शिट्टी निवडताना मी एकच पाहते: पावसात, थंडीत, धापा टाकताना, आणि ही हरवली तर दुसऱ्या दिवशी नव्या शिट्टीतूनही, तोच आवाज निघेल का?

या कसोटीवर बिनदाण्याची प्लास्टिकची शिट्टी सगळ्यात खरी उतरते. मी अ‍ॅक्मेच्या वापरते. बर्मिंगहॅमची ही जुनी कंपनी शिट्ट्यांवर नंबर घालते आणि एका नंबरच्या सगळ्या शिट्ट्या एकाच पट्टीत बोलतात. स्पॅनियलवाले बहुधा २१०.५ घेतात, लॅब्रॅडॉरवाले २११.५. त्या त्या जातीच्या कानांना तीच पट्टी लागते असं काही नाही, रिवाज आहे. कुठलाही एक नंबर घ्या, पण घेताना दोन घ्या. एक गळ्यात, एक जॅकेटच्या खिशात. माझी पहिली २११.५ गवतात कुठे पडली ते कळलंच नाही. नवी फुंकली तेव्हा काजळ पहिल्याच फुंकीला खाली बसली. तिच्या लेखी काहीच बदललेलं नव्हतं.

रंगही भडक घ्या, नारिंगी किंवा पिवळा. हिरवी आणि काळी शिट्टी दिसायला छान, पण एकदा खाली पडली की गेलीच.

शिंगाची शिट्टी मला एका स्नेह्यांनी भेट दिली होती. हातात घेतली की ठेववत नाही इतकी सुरेख, आणि तिचा आवाजही गोड, गोल. पण शिंग हाताने कोरतात, त्यामुळे प्रत्येकीचा स्वर निराळा. ती हरवली तर तो स्वर पुन्हा कुठून आणायचा? कुत्र्याला सगळं पहिल्यापासून शिकवावं लागेल. म्हणून ती घरी खिळ्याला असते. धातूच्या शिट्टीचा आवाज कणखर असतो, मात्र कडाक्याच्या थंडीत ती ओठांना चिकटते.

‘आवाज न येणारी’ शिट्टी घेऊ का, असं नवीन माणूस हमखास विचारतो. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८७६ च्या सुमारास अशी शिट्टी बनवली, तीही माणसाला आणि प्राण्यांना किती उंच स्वर ऐकू येतो हे तपासण्यासाठी. माणसाचा कान साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत पोचतो, कुत्र्याचा ४५,००० च्या आसपास. त्यामुळे कुत्र्याला ती ऐकू येते, यात शंका नाही. माझी अडचण वेगळी आहे. आपण काय वाजवलं ते आपल्यालाच नीट ऐकू येत नाही. फुंक लांब झाली की तुटली, कसं कळणार? तिच्यावरचा स्क्रू खिशात जरासा फिरला तरी पट्टी बदलते. शिवाय फार उंच स्वर हवेत लवकर विरतो, मध्ये झाडी असली तर आणखीच. मी ती घेत नाही.

फार मोठ्या आवाजाच्या शिट्ट्याही सरसकट नकोत. पाणी ओलांडून लांबवर गेलेल्या कुत्र्यासाठी, वाऱ्याच्या दिवशी, त्यांचा उपयोग आहे. पण कुत्रा पायाशी असताना त्या फुंकू नका. त्याचे कान आपल्यापेक्षा तिखट आहेत, आणि आपलेही कान दुखतातच.

आता इतकं करून हाकच का मारायची नाही? हाकेत राग उतरतो. तिसऱ्यांदा बोलावताना माझा आवाज चढतो आणि ते कुत्र्याला लगेच कळतं. तोंडाने घातलेली शीळसुद्धा ओठ सुकले की बदलते. शिट्टी पहिल्या वेळी आणि दहाव्या वेळी सारखीच बोलते. माणसाच्या आवाजाने रानातले पक्षी बिचकतात, तसे शिट्टीने कमी बिचकतात, हाही फायदा.

फुंकायची कशी, हे खरं तर दुकानातच करून पाहावं. शिट्टी दातांत धरता आली पाहिजे, कारण हात मोकळे हवेत. जिभेने ‘तु’ म्हणत फुंक तोडायची, नुसते गाल फुगवून नाही. माझ्याकडे एक लांब फुंक म्हणजे थांब, बस आणि माझ्याकडे बघ. दोन आखूड म्हणजे वळ. भराभर चार-पाच म्हणजे परत ये. ही ‘परत ये’ मी पिल्लाच्या जेवणाच्या भांड्यापाशी शिकवते. भांडं खाली ठेवताना हळूच वाजवायची, रोज, दोन्ही वेळा.

तीन वर्षांपूर्वी तुरी आली, स्प्रिंगर स्पॅनियल, सतत नाक जमिनीला. तिच्यासाठी मुद्दाम २१०.५ घेतली. एकीला थांबवताना दुसरी थांबू नये, एवढंच डोक्यात होतं. पहिले काही आठवडे दोघी दोन्ही आवाजांना वळायच्या. प्रत्येकीला फक्त तिच्या शिट्टीला खाऊ देत गेले, तशी सरमिसळ कमी झाली. दोन्ही शिट्ट्या एकाच दोरीत आहेत, आणि अंधारात चाचपून कळावं म्हणून तुरीच्या शिट्टीजवळ मी एक गाठ मारली आहे.

काजळ आता अकरा वर्षांची आहे. लव्हाळ्यात तिला पाठवत नाही, गुडघे दुखतात तिचे. आम्ही तुरीबरोबर काम करतो तेव्हा ती बांधावर बसून पाहते. तुरीच्या शिट्टीला मान हलवत नाही. घरी निघताना मी तिची शिट्टी वाजवते, एक लांब फुंक. ती बसलेलीच असते, तरी पाठ ताठ करते आणि माझ्याकडे बघते.