नऊने सुरू होणाऱ्या डाय

आमच्या भोसरीच्या कारखान्यात सॉफ्टवेअर खातं म्हणजे तीन माणसं आणि स्टोअरच्या डोक्यावरची एक खोली. 2003 साली मी आले तेव्हा जॉबवर्कचा, म्हणजे आपला माल बाहेरच्याकडून घडवून आणण्याच्या हिशोबाचा प्रोग्राम फॉक्सप्रोत होता, पुढे आम्हीच तो व्हीबी 6 (व्हिज्युअल बेसिक) या प्रोग्रामिंग भाषेत नेला. 2022 च्या दिवाळीनंतर साहेबांनी ठरवलं, डेव्हलपमेंट बाहेर, इंदूरच्या टीमला द्यायची. कारणं खरी होती. मायक्रोसॉफ्टने व्हीबी 6 चा सपोर्ट 2008 लाच बंद केला होता, त्यात काम करायला नवी मुलं तयार नव्हती, आणि आमच्यातले एक जण निवृत्तीला आले होते. तो निर्णय चुकला असं मी आजही म्हणणार नाही. चुकलं ते केटीत, म्हणजे नव्या टीमला माहिती सोपवण्यात.

सहा आठवडे रोज दोन तास मी स्क्रीन दाखवायची आणि इंदूरला रेकॉर्डिंग व्हायचं. कुठलं बटण काय करतं, कुठल्या टेबलात काय साठतं, सगळं सांगून झालं. एखादी गोष्ट तशी का आहे, हे सांगायला वेळापत्रकात जागाच नव्हती.

जॉबवर्कचंच बघा. आपला स्टीलचा बार फोर्जिंगवाल्याकडे (तापवून, ठोकून घडवणाऱ्याकडे) जातो, सोबत आपलीच डाय, म्हणजे आकार देणारा साचा जातो. एक्साइजच्या काळात बार 180 दिवसांत परत यावा लागे (जुनी मंडळी बारसोबतच्या चलनाला अजूनही जुन्या नियमाच्या नंबरावरून सत्तावन एफ फोरच म्हणतात). 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि ती मुदत एक वर्षाची झाली. डाय, मोल्ड, जिग यांना मात्र परतीची मुदत नाही. म्हणून मी प्रोग्राममध्ये अट घातली: आयटम कोड 9 ने सुरू होत असेल तर दिवस मोजायचे नाहीत. तो 9 स्टोअरच्या काकांचा. मी यायच्या आधीपासून ते प्रत्येक डायवर पांढऱ्या ऑइल पेंटने आधी 9 काढायचे, मग नंबर. या अटीशेजारी मी एक ओळही लिहून ठेवली नाही. जिना उतरलं की काका समोरच असायचे, त्यामुळे कधी गरजच वाटली नाही.

नव्या टीमने ती अट काढली आणि आयटम मास्टरमध्ये, म्हणजे वस्तूंच्या मुख्य यादीत, 'डाय आहे का' असा रकाना केला. पद्धत माझ्यापेक्षा चांगलीच. पण जुन्या डायंचा रकाना रिकामा राहिला. मार्च 2024 च्या रिपोर्टात 212 डाय मुदतबाह्य आल्या. मुदत उलटली की पाठवल्या दिवशीच माल पुरवला असं कायदा धरतो, म्हणजे कर आणि वर व्याज. अकाउंट्सने भरायची रक्कमसुद्धा काढून ठेवली होती. काका यादी घेऊन वर आले, "ताई, डायला मुदत कधीपासून लागली?"

मी जुनी तिकिटं, म्हणजे इंदूरच्या टीमने सिस्टिममध्ये नोंदवलेले प्रश्न, उपसली. ती अट काढण्याआधी तिकडच्या मुलाने विचारलं होतं, "हा 9 कशासाठी?" पाच दिवस आमच्याकडून उत्तर गेलं नाही आणि तिकीट आपोआप बंद झालं. तोपर्यंत मला व्हेंडरची बिलं तपासायला बसवलं होतं. तिकिटं माझ्याकडे येतच नव्हती. त्याने विचारलं होतं, हे मला फार लागलं.

पीटर नाउर या डॅनिश संगणकशास्त्रज्ञाने 1985 मध्ये मांडलं होतं, की प्रोग्राम मुळात तो करणाऱ्यांच्या डोक्यातली समज असतो आणि ती कागदांतून पूर्ण पोचत नाही. मला ते त्या तिकिटापाशी कळलं. कोड बाहेर द्यावा, पण प्रश्नाला उत्तर देणारा माणूस घरातच हवा, आणि ते त्याचं पहिलं काम हवं. साहेबांशी यावर दोनदा भांडले. आता इंदूरची सगळी तिकिटं आधी माझ्याकडे येतात.

मे महिन्यात त्या मुलाला दोन दिवस भोसरीला बोलावून घेतलं. काकांनी त्याला रॅकपाशी नेलं, चिंधीने एका डायवरचं ग्रीस पुसलं. पांढरा 9 दिसला. मुलगा खाली बसला, त्यावरून बोट फिरवलं आणि काकांना विचारलं, "आणि याच्या पुढचा आकडा कशाचा?"